गाडीवरून पाडलेला माणूस

निघोज्याच्या कारखान्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली, तेव्हा आमचा सुपरवायझर धावत आला. हातात पट्टी नव्हती, चौकडीचा शर्ट होता. कंपनीचा गणवेश अंगावर असताना जखमी माणसाला दवाखान्यात न्यायचं नाही, ही तिथली रीत. त्यासाठी त्याच्या कपाटात दोन-तीन साधे शर्ट कायम तयार असायचे. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला, कारण तो चालू असला की काम मंदावतं म्हणे. शर्टांची धुलाई मात्र कधी चुकली नाही.

मी कळवळत होतो आणि हा गडी माझी बटणं काढत होता.

"मोटरसायकल घसरली, एवढंच सांगायचं डॉक्टरांना," वाटेत त्याने बजावलं. "कंपनीचं नाव घेतलं तर पोलीस येतील, तुम्हालाच ताप."

डॉक्टरांनी "कसं लागलं?" विचारलं तेही त्याच्याकडे बघून. बोटं त्याचीच गेली होती ना! मी तोंड उघडायच्या आत त्याने मला गाडीवरून पाडलं. माझ्या गुडघ्याला, कोपराला साधं खरचटलेलंही नव्हतं. डॉक्टरांना ते दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पुढे भरपाई मागितली, तर मला तिथे कामाला लावणारा ठेकेदार म्हणाला, "अपघात बाहेरचा, आमचा काय संबंध?" वर फळं घेऊन मोशीला घरी आला आणि माझ्या बायकोला 'वहिनी, वहिनी' करू लागला. असल्या गोडबोल्यांची मला किळस येते. हात कामातून गेलेला, घरात कमावणारा मी एकटा. भरपाई बुडाली असती तर गाशा गुंडाळून गावी परतावं लागलं असतं. मी कामगार न्यायालयात गेलो.

तिथे त्यांच्या वकिलाने घसरलेल्या मोटरसायकलचं छान वर्णन केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "गाडी कुणाची? नंबर काय?" वकील सुपरवायझरकडे बघू लागला, सुपरवायझर छताकडे. मला मोटरसायकल येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. रोज कंपनीच्याच बसने जायचो, हे बसच्या ड्रायव्हरने येऊन सांगितलं. इतक्या हुशार लोकांना मला एवढं विचारायचंही सुचलं नव्हतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. बाहेर चहाच्या टपरीवर सुपरवायझर भेटला. वाटलं, शरमेने मान खाली घालेल. छे! माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काय राव, गाडी येत नाही हे तेव्हाच सांगायचं ना. जिन्यावरून पाडलं असतं तुम्हाला."