दोन बैठक क्रमांक

कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी एक मुलगी दोन हॉल तिकिटे घेऊन उभी होती. नाव एकच, फोटो एकच. बैठक क्रमांक मात्र दोन, आणि पालक म्हणून एकावर आई, दुसऱ्यावर मामा. परीक्षा उद्या होती.

आत बसलेल्या, तिकिटे छापणारा कोड लिहिलेल्या प्रोग्रामरने स्क्रीन तिच्याकडे वळवला. विद्यार्थ्यांच्या टेबलाला, म्हणजे नोंदींच्या तक्त्याला, एक अक्षर, पालकांच्या टेबलाला दुसरे, प्रत्येकापुढे बाण. लॅम्डा म्हणतात तसल्या, बाणांनी लिहिलेल्या त्या एका ओळीने दोन्ही टेबले जोडली होती.

"कोड बरोबर आहे," तो म्हणाला. "नोंदीत तुझे पालक दोन, म्हणून जोडल्यावर तूच दोनदा आलीस."

तिला हिशेब पटत होता, त्यातून निघालेली दुसरी मुलगी पटत नव्हती. आपल्यामागे जितकी माणसे उभी, तितके आपण होतो की काय? आईपाशी असतो ते आणि मामाकडे राहतो ते आपण एकच, हे कशावरून सांगायचे, ते तिला सुचेना.

"अगं, एक फाडून टाक," तिकिटांवर शिक्का मारणाऱ्या क्लार्कबाई म्हणाल्या.

"कुठलं, मॅडम?"

"कुठलंही. दोन बाकांवर थोडीच बसणारेस?"

"पण मग दुसऱ्या बाकावर मी गैरहजर लागेन ना?"

प्रोग्रामरने कीबोर्डवरचे हात काढले. बाईंनी शिक्का उचलला, आणि कोणत्या कागदावर मारायचा ते न कळून तसाच धरून ठेवला.