सव्वातीनचा रिमाइंडर

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कचेरीत एक तरुण साहेब आले आणि त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये कामांचं ॲप घालून दिलं. त्यात प्रत्येक कामाला दोन रकाने, एक डेडलाइनचा आणि दुसरा रिमाइंडरचा. मी दोन्हींत एकच वेळ टाकायचो. काम ज्या दिवशी द्यायचं त्याच दिवशी हातात घ्यायचं, ही आमची जुनी रीत. एवढे चोचले कोणाला हवेत?

रिटायर झालो आणि बायकोला विसरण्याचा आजार जडला. आधी ती किराणा विसरली, मग शेजारीण, मग मधली सगळी वर्षं. राहिली एकच गोष्ट. साडेतीनला शाळेचा ऑटो जबलपुरात चेरीतालच्या आमच्या कोपऱ्यावर येतो आणि पोरीला उतरवून घ्यायचं असतं. पोरगी भुकेली येते, म्हणून डबीत गूळ-शेंगदाणे.

आमची ती एकुलती एक पोरगी सहावीत असताना तापाने गेली. त्याला इतकी वर्षं झाली की तिच्या वर्गातल्या मुली आता स्वतःच्या पोरांना ऑटोतून उतरवून घेतात.

मी बायकोला दोनदा खरं सांगितलं. दोन्ही वेळा तिला ते पहिल्यांदाच कळलं. तिसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही.

मग ॲपमध्ये 'ऑटो' असं काम घातलं. डेडलाइन साडेतीन, आणि सवयीने रिमाइंडरही साडेतीन. फोन वाजला तेव्हा फाटक उघडं होतं आणि ती निघून गेलेली. दिवस मावळता मावळता ती गोहलपुर मोहल्ल्यात एका वेल्डिंगच्या दुकानासमोर सापडली. दुकानदाराने तिला स्टुलावर बसवलं होतं, डबी तिने घट्ट धरलेली. "अम्माजी कह रही हैं, बिटिया आने वाली है," तो म्हणाला. मी तिला हाताला धरून घरी आणलं.

त्या दिवसापासून रिमाइंडर सव्वातीनचा केला. तो वाजला की मी फाटकाला कुलूप लावायचो, तोंडावरून पाणी फिरवायचो. नाहीच पटलं तर तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत जायला चपलाही घालून ठेवायचो. आणि तिने विचारायच्या आत बातमी द्यायचो.

"अगं, आज शाळेला सुट्टी आहे. कलेक्टरसाहेबांनी छुट्टी डिक्लेअर केली. गर्मी फार होऊन राहिली नं."

माझा जन्म कचेरीत गेलेला, त्यामुळे तिचा विश्वास बसायचा. "अच्छा! मग पोरगी कुठी आहे?"

"मावशीकडे झोपून राहिली."

"मग काहून नाही सांगितलं आधी?" म्हणत ती डबी ठेवून द्यायची. उन्हाची, पावसाची, थंडीची, जितक्या सुट्ट्या मी जाहीर केल्या तितक्या जबलपुरात एकाही कलेक्टरने केल्या नसतील. खोटं बोलताना हसू यायचं, आणि मग मी डबी बरणीत रिकामी करायचो.

या थंडीत एक दिवस रिमाइंडर वाजला. कुलूप लावलं, चपला घातल्या, थंडीची सुट्टी तोंडात तयार ठेवली. ती अंगणात उन्हात मटार सोलत बसली होती. साडेतीन झाले. डेडलाइन टळली म्हणून फोनवर काम लाल झालं. ती सोलतच राहिली. सुटलो म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण मला भीती वाटली. शेवटी मीच विचारलं, "अगं, पोरीला आणायला नाही जायचं?"

तिने पाहुण्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "कोणाची पोरगी हो?"

"आपली."

तिने जरा विचार केला. "बरं. मग तुम्हीच घेऊन या. मी मटार सोलून राहिली."

मी स्वयंपाकघरात जाऊन डबी भरली. कुलूप काढलं, बाहेरून पुन्हा लावलं आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी शाळेचे ऑटो उशिरा आले. पोरं उतरली, आपापल्या आयांचा हात धरून घरी गेली. आज सुट्टी आहे, असं मला सांगायला तिथे कोणी नव्हतं.