एनिडने फ्लायव्हील जड केलं

एनिडचा नवरा डेनिस मार्चमध्ये गेला. स्वेलडेलच्या खोऱ्यातल्या मेंढ्या तेव्हा विणीला लागल्या होत्या, त्यामुळे त्याच्या दफनाला अर्धं गाव आलं आणि तासाभरात आपापल्या गोठ्यांकडे पळालं. लोक असे पळाले याचं एनिडला वाईट वाटलं नाही. तिला काहीच वाटत नव्हतं. कोणी काही बोललं की ती "बरं" म्हणायची. शेजारणींनी आणलेल्या मटणाच्या भाजलेल्या तंगड्या फ्रिजमध्ये होत्या, त्यातलीच एक काढून थंडच खायची.

शेडमध्ये डेनिसच्या जुन्या ट्रायल्स मोटारसायकलचं इंजिन सुटं होऊन पडलं होतं. बिस्किटांच्या नऊ डब्यांत भाग भरलेले. ऑक्टोबरच्या शर्यतीसाठी त्याने नाव दिलेलं होतं. ट्रायल्सची ही शर्यत वेगाची नव्हे. ओढ्यातल्या दगडांवरून, चिखलातून पाय न टेकवता गाडी चढवायची, पाय टेकला की गुण गेले.

मे महिन्यात डेनिसचा मित्र आर्नल्ड आला.

"एनिड, हे सगळं मी घेऊन जाऊ का? तुला त्रास नको."

"कसला त्रास?"

"म्हणजे... बघून आठवण येत असेल."

"येत नाही," ती म्हणाली. खरंच येत नव्हती. "जोडून देते. मग तूच चालव."

"तू जोडणार?"

एनिडने एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात धातू कातायचा लेथ चालवला होता. डेनिसच्या गाडीला लागणारा प्रत्येक बुश, धातूची प्रत्येक बारीक नळी तिनेच घडवली होती. पण इंजिन जोडायला घेतलं की तो म्हणायचा, "तू घडव गं, जोडायचं माझ्यावर सोड." फ्लायव्हील, इंजिनातलं ते फिरतं चाक, जड कर, म्हणजे कमी वेगात इंजिन बंद पडणार नाही, असं तिने त्याला कितीदा सांगितलं होतं. "दगडांवर वजन कोण वाहणार? तू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

तिने क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, मोजला. वाकडा होता. कितीतरी वर्षं तसाच चालला असणार. ती चिडली नाही, हसलीही नाही. क्रँक सरळ केला, बेअरिंग नवं घातलं, सिलिंडर आतून कातून रुंद केला आणि एक माप मोठा पिस्टन बसवला. मग पोलादाचं दीड किलोचं कडं कातलं. इंजिनचं कवच आतून खरवडून त्याला जागा केली. ओव्हनमध्ये ठेवलेली मटणाची तंगडी बाहेर काढून तिथे कडं तापवलं आणि गरम असतानाच फ्लायव्हीलवर उतरवलं. निवताना त्याने घट्ट धरलं. चाकाचा तोल साधायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत ती कोणाशी एक शब्द बोलली नाही, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ऑक्टोबरात शर्यतीच्या दिवशी पाऊस होता. वरच्या ओढ्यात डेनिस दरवर्षी तिसऱ्या दगडाशी अडकायचा. आर्नल्ड तिथे पोचला, थ्रॉटल जवळजवळ बंद केलं, तरी इंजिन मरेना. टुक-टुक-टुक करत गाडी चौथा दगड चढली, पाचवा चढली आणि कडेच्या गवतावर आली. पाय एकदाही टेकला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्नल्डचे डोळे भरून आले होते.

"डेनिस खूश झाला असता गं!"

"वैतागला असता. त्याला ते वजन नको होतं."

"कसलं वजन?"

"फ्लायव्हीलचं. मी घातलं. क्रँकही वाकडा होता."

बाजूला उभा असलेला गुण टिपणारा म्हातारा क्लिफर्ड पेन्सिल कानामागे खोचून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तो वाकड्या क्रँकवर चढत होता?"

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"फ्लायव्हीलचं सांगितलं होतं. क्रँकचं मला यंदा जोडतानाच कळलं. इंजिन कधी उघडूच दिलं नाही त्याने."

आपण आता जिंकल्यासारखं वाटून घ्यावं, नाहीतर रडावं, असं तिला वाटलं. दोन्ही जमलं नाही. बोटं मात्र गारठली होती. ती तिने कोटाच्या खिशात घातली.

"माझंही इंजिन खालच्या वेगात मरतं," क्लिफर्ड जरा खाकरून म्हणाला. "बघशील?"

"सोमवारी आण," एनिड म्हणाली. "उघडू नकोस मात्र. जसं आहे तसंच आण."