खुर्चीच्या पायातील बुडबुडे

घटनास्थळ: डमडम येथील आमची गॅलरी. पीडित: माझी पत्नी. साक्षीदार: मी स्वतः, तसेच प्रयोगशाळेत प्लास्टिकवर संशोधन करणारी माझी पुतणी.

नव्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडून पत्नी पडली. कंपनीने कळविले, "बसणाऱ्याचे वजन जास्त." तेव्हापासून ती उभ्यानेच चहा घेते, अर्धीच पोळी खाते आणि माझे चित्त कशातच लागत नाही.

पुतणीने मोडका पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि छायाचित्र घेऊन घरी आली.

"काकू, हे बघ, आत बुडबुडे आहेत. साच्यात ओततानाच राहिलेत. तडा इथूनच गेला. तुझा काय दोष?"

"तू घरची. कंपनीला म्हणू दे," पत्नी म्हणाली.

सबब छायाचित्र जोडून विनंती की, कंपनीने "दोष खुर्चीचा, बसणाऱ्याचा नव्हे" हे उत्तर माझ्या पत्नीच्याच नावे, लेखी व विनाविलंब पाठवावे.