‘नाय’ची नोंद

"ही स्क्रीन चालणार नाय," मी म्हणाले आणि मीटिंग रूममध्ये हशा पिकला.

सर सगळ्यात मोठ्याने हसले. "नाय? अगं, प्रॉडक्ट मॅनेजर आहेस की मासळी बाजारात बसलीयेस? क्लायंटसमोर तू तोंड उघडू नकोस. स्लाइड्स बनव, प्रेझेंट मी करतो."

पनवेलच्या त्या ऑफिसात बारा माणसं होती. सगळी पुन्हा हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मी गव्हाणची; आमच्या गावात ‘नाही’ला ‘नाय’च म्हणतात. कस्टमर केअरचे फोन घेत, शिव्या खात, लोकांच्या अडचणी वहीत उतरवत मी इथवर आले. ॲपमध्ये काय हवं, काय नको, हे ठरवणं माझं काम; माझ्या मंजुरीशिवाय रिलीज होत नसे. आणि मी घरी आरशासमोर उभी राहून ‘नाही’ घोकत होते. ना-ही. ना-ही. सहा महिन्यांत पोपट तयार झाला.

आमचं नवं ॲप घरकाम करणाऱ्या बायांसाठी होतं. वाचता येत नसेल तरी चालावं म्हणून ते बोलायचं. काम सांगायचं, बाईने तोंडी उत्तर द्यायचं. हो म्हणून गेली नाही, तर खातं बंद. रिलीजच्या आदल्या दिवशी मी ते आईच्या हातात दिलं. आई उलव्याच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करते.

"संध्याकाळी सात वाजता काम आहे. येणार का?" ॲपने विचारलं.

"नाय," आई म्हणाली.

"धन्यवाद. तुमचा होकार नोंदवला आहे."

"नाय गो बाय, नाय!"

पुन्हा होकार. आईने माझ्याकडे पाहिलं. "ह्याला माजं ‘नाय’ कलत नाय का गो?"

ॲपला शिकवायच्या शब्दांची यादी मीच केली होती. त्यात ‘हो’च्या खाली ‘हाय’ लिहिलं, कारण ‘हाय’ला कुणी हसलं नव्हतं. ‘नाय’ लिहायची मला लाज वाटली. म्हणून ॲप बायांच्या ‘नाय’ला ‘हाय’ समजत होतं. आईचं तोंड मी बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लायंट कॉलवर होता. मी सरांना सगळं हळू आवाजात सांगितलं. त्यांनी माइक बंद केला. "बायकांना नीट ‘नाही’ म्हणायला शिकव. व्हिडिओ टाकू. आता मंजुरीवर क्लिक कर."

मी माइक चालू केला.

"रिलीज होणार नाय. माझी मंजुरी नाय."

या वेळी कुणी हसलं नाही.

"तुझं इथलं संपलं," सर म्हणाले. संपलंही असेल. पण जाईन तिथे हेच काम करीन आणि असंच बोलेन. ज्या मशीनला माझ्या आईचा नकार कळत नाय, त्याला माझा होकार मिळणार नाय.

मी ती यादी उघडली. पहिल्याच ओळीत लिहिलं: नाय.