चालवून बघितलेली सायकल

सुदाम गेल्याचा निरोप मला उमरग्याच्या स्टँडवर मुरूमच्या गाडीच्या कंडक्टरनं दिला. "सेक्रेटरी, तुमचे चेअरमन गेले सकाळी," एवढं बोलून त्यानं घंटी ओढली. खरं तर सुदाम तीन वर्षांपासून चेअरमन नव्हता, आणि सोसायटीच बंद पडल्यावर मी तरी कुणाचा सेक्रेटरी? पण लोकांच्या तोंडी बसलेलं सुटत नाही. मी बाकावर बसून राहिलो. रडू आलं नाही. लई थकल्यासारखं झालं, एवढंच.

त्याला आता महिना झाला. सायकलपटूवर लिहा असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, म्हणून आधी तेच लिहितो. तरुणपणी सुदाम राज्याच्या शर्यतीत सलग तीन वर्षं पहिला आला. मी मागं मोटारसायकलवर बसून त्याची ट्यूब आणि पाण्याची बाटली सांभाळायचो. चढ आला की बाकीचे उभं राहून पॅडल मारायचे. हा बसूनच, टपाल वाटायला निघाल्यासारखा निवांत. पेपरात फोटो आले, हार पडले, आणि मग तो मोठा दुष्काळ आला. बाया दोन-दोन कोसांवरून पाणी आणायला लागल्या. सुदाम म्हणाला, "शर्यतीच्या सायकली दुसरं कुणी बी बनवंल. आपण पाण्याची बनवू."

मी शाळामास्तर, अर्ज लिहिण्यात पटाईत. सभासद गोळा केले, सोसायटी नोंदवली, मुरूम गावाच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहिली. फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा, कॅरिअर आमचं. बाकीचं सामान सोलापूरचं. जाड नळ्यांची, मागं दोन्ही बाजूंना घागरी अडकवायचे आकडे असलेली ती सायकल दिसायला अगदीच ओबडधोबड होती. मी चिडवायचो, "गड्या, ही बैलगाडीच्या बी मागं राहील." तो म्हणायचा, "राहू दे. मोडायची न्हाय."

त्याचा एक नेम होता. प्रत्येक सायकल घागरी भरून लावून हायवेच्या फाट्यापर्यंत स्वतः चालवायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. चिमट्याचा जोड कच्चा राहिला आणि उतारावर तुटला, तर माणूस तोंडावर आपटतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं. त्यामुळं दिवसाला तीन-चारच सायकली बाहेर पडायच्या. पुढं पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा पाणी वाया नको म्हणून तो घागरीत वाळू भरायला लागला. इकडं शेडच्या दारात माणसं सकाळपासून बसलेली. दहातली एक चालवून बघ, असं मी त्याला किती वेळा सांगितलं... ऐकेल तर शपथ.

मग तो चाकांच्या रिमा आणायला चार दिवस सोलापूरला गेला आणि मी साठून राहिलेल्या तीस सायकली देऊन टाकल्या. प्रत्येकाला सांगितलं, सुदामअण्णांनी चालवून बघितलीय. परत आल्यावर त्यानं रिकाम्या शेडकडं बघितलं.

"चालवून बघितल्यास?"

"व्हय. म्याच चालवल्या सगळ्या."

चार दिवसांत तीस सायकली, आणि बाजारापर्यंत चालताना धाप लागणारा मी. तो "बरं" म्हणाला आणि रिमा उतरवायला लागला.

त्यानंतर सुदाम रोज दुपारी गायब व्हायला लागला. विचारलं तर "आलो जरा फिरून" म्हणायचा. काम तुंबलं. मी आधीच वैतागलेला, त्यात मनात चोर. वार्षिक सभेत मी उठून म्हणालो की चेअरमनचं कारखान्यात लक्ष राहिलेलं नाही, चेअरमन बदलावा. बौद्ध माणूस त्या खुर्चीत बसलेला काहींना पहिल्यापासून खुपत होताच. त्यांचे हात पटकन वर गेले. माझाही गेला. सुदाम "ठीक हाय" म्हणाला, टोपी उचलली आणि निघून गेला. वर्षभरात शेडला कुलूप लागलं. नंतर आम्ही बाजारात भेटायचो, चहा घ्यायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. त्या सभेचा विषय त्यानं कधी काढला नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

परवा त्याच्या पुण्यानुमोदनाला जवळच्या वाडीची एक बाई शेजारी येऊन बसली. "तुमीच सेक्रेटरी व्हय?" म्हणाली. "सायकल घेऊन आठ दिस झालते, तवा अण्णा दुपारचे आमच्या दारात आले. एक फेरी मारून बघतो म्हणले. घागरीत वाळू भरून लावली, फिरून आले आन चिमटाच काढून नेला. दुसऱ्या दिशी नवा बसवून दिला."

पलीकडचे दोघं-तिघं म्हणाले, आमच्याकडंही आले होते. गावोगाव, तीसच्या तीस... भर उन्हात. सभेत एक शब्द बोलला असता तर खुर्ची राहिली असती, आणि मी उघडा पडलो असतो.

"म्या इचारलं," बाई सांगत होती, "न बघताच दिलती का? तर म्हणले, न्हाय, आमच्या सेक्रेटरीनं चालवून बघितलीच हाय, मी आपला सवयीनं फिरतो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी बी लई कष्ट घेतले म्हणायचं. सगळ्या चालवल्या व्हत्या?"

समोर सुदामची बायको बसली होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"व्हय," मी म्हणालो.