कूलर कोणी बंद केला?

"कूलर कोणी बंद केला?" मी असा ओरडलो, की नानाखेड्याच्या स्टँडवरून सुटलेली बससुद्धा थबकली असेल. कूलरच्या ओल्या खसचा वास आला की आजही तोच राग मस्तकात चढतो. मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोरात पळवायचं ठरवलं, तेव्हा टॉवर चौकातला कॉम्प्युटरवाला म्हणाला होता, "भैया, प्रोसेसर को इतना भगाओगे तो शाम तक नहीं टिकेगा. टिक गया, तो दुकान पे नौकरी पक्की." म्हणून मी कॅबिनेट उघडून घरातला भलामोठा कूलर थेट त्याच्या तोंडाशी लावला आणि टेस्ट सुरू केली. बाहेर मे महिना डांबर उकळत होता, आत प्रोसेसर असा धावत होता की कॅबिनेटला पंखच फुटावेत. दुपारभर वेगाचा आकडा तसूभर हलला नाही. संध्याकाळी मी कॉम्प्युटरवाल्याला आणायला चौकात गेलो आणि ऐटीत घेऊन आलो, तर कूलर बंद, स्क्रीन काळी आणि कॅबिनेट तापलेल्या तव्यासारखं. "बोला था ना," म्हणत तो निघून गेला. मी घर डोक्यावर घेतलं. रिटायर झाल्यापासून घरभर बटणं बंद करत हिंडणाऱ्या बाबांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "खोलीत कोणी नव्हतं."